वाजवणारा वेगळा, निवडणारा वेगळा : ‘किड ए’च्या रीतीने बँडचा आवाज कसा बदलावा

१९९७ च्या ‘ओके कंप्युटर’ या अल्बमपर्यंत इंग्लंडमधला रेडिओहेड हा तीन गिटारींचा बँड होता. २ ऑक्टोबर २००० ला ‘किड ए’ आला आणि त्याचं पहिलंच गाणं उभं होतं सिंथेसायझरच्या कॉर्ड्सवर आणि कापून विखुरलेल्या गळ्यावर. एकही सिंगल न काढता हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हापासून आवाज बदलू पाहणारे बँड त्याच्याकडे बघत आले आहेत, आणि बहुतेकांचं पहिलं पाऊल सारखंच चुकतं. एक सिंथ विकत आणायचा, बाकी सगळ्यांनी आपापल्या जागी बसून आपापलं वाद्य वाजवायचं. मग गाणं जुनंच राहतं, फक्त वर सिंथची साय येते.

रेडिओहेडने आधी कामाची वाटणी मोडली. कोण काय वाजवतो, कोण ऐकतो, कोण कापतो, कोण ठरवतो हे सगळं उलटंपालटं झालं आणि आवाज त्यातून बदलला. ती वाटणी घरच्या साधनांत कशी बसवायची, त्या अल्बममधली मुख्य तंत्रं आज कशी करायची आणि ती कुठे फसतात, ते पुढे दिलं आहे.

साधनं

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माइक, दोन जोड हेडफोन, छोटा मिडी कीबोर्ड आणि एक एक्स्प्रेशन पेडल. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रीपर पुरतो. चाचणी ६० दिवसांची, छोट्या बँडसाठी परवाना ६० डॉलरचा. सिंथसाठी सर्ज एक्सटी किंवा व्हायटल, मॉड्युलरसाठी (सुटे भाग तारांनी जोडून बनवायचा सिंथ) व्हीसीव्ही रॅक, आवाज ताणण्यासाठी ऑडॅसिटी. या चारही गोष्टी फुकट मिळतात.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. या हिशेबाने स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण १७ एमबी खातो, म्हणजे ५० मिनिटांचा सलग तुकडा ८६० एमबीच्या आसपास. या पद्धतीत असे तुकडे खूप होतात, म्हणून वेगळी हार्ड डिस्क आधीच घ्या. वाजवताना बफर (संगणक एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा, मिक्सिंगला १०२४. वाजवताना १०२४ राहिला तर किल्ली दाबल्यावर आवाज उशिरा येतो. मग वादकाला आपलीच लय बिघडली असं वाटतं आणि तो ती सावरायला जाऊन खरोखर बिघडवतो.

दोन खोल्या

१९९९ च्या सुरुवातीला बँड पॅरिसमध्ये कामाला लागला. मार्चमध्ये कोपनहेगनला दोन आठवड्यांत सुमारे पन्नास रिळं भरली, प्रत्येक पंधरा मिनिटांचं, आणि त्यात एकही गाणं पूर्ण नव्हतं. पुढे ग्लॉस्टरशरमधल्या बॅट्सफर्ड पार्क या वाड्यात आणि मग ऑक्सफर्डशरमधल्या स्वतःच्या नव्या स्टुडिओत काम सरकलं. गिटारवादक एड ओब्रायनला छोटी, सुरेल, गिटारची गाणी हवी होती. गायक थॉम यॉर्कला ती नको होती. प्रसिद्ध करण्याजोगा अल्बम झाला नाही तर बँड मोडायचा, इथवर बोलणं गेलं होतं.

कोंडी फोडायला निर्माता नायजेल गॉडरिचने बँडचे दोन गट केले आणि त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. एका गटाने आवाज किंवा सुरांची एखादी साखळी तयार करायची, दुसऱ्याने ती पुढे न्यायची. गिटार, ड्रम अशी ओळखीची वाद्यं वापरायची नाहीत. या एका युक्तीत अल्बमचं सारं सार आहे, म्हणून सुरुवात इथूनच करा.

चार-पाच जणांचा बँड असेल तर दोन गट पाडा. प्रत्येक गटात एरवी एकमेकांच्या जवळ न वाजवणारे लोक ठेवा. गिटारवाले दोघं एकत्र नकोत. पहिल्या गटाला ४५ मिनिटं द्या. त्यांनी कॉर्ड-प्रोग्रेशन, कडवं-धृपद असलं काही करायचं नाही, फक्त आवाज करायचे: एखादा लूप, एखादा गुंजणारा स्वर, डबा वाजवलेला. वेळ संपली की सगळं एका फाइलमध्ये उतरवायचं, नावात तारीख, बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) आणि मूळ स्वर लिहायचा आणि उठायचं. दुसऱ्या गटाने ती फाइल पहिल्यांदाच ऐकायची आणि ४५ मिनिटांत तीन कामं करायची: निम्म्याहून अधिक भाग काढून टाकायचा, उरलेल्यावर एकच थर चढवायचा, आणि एक जागा पूर्ण रिकामी ठेवायची. पहिल्या गटाने दार उघडून ‘तो भाग आम्ही असा ठरवला होता’ असं सांगायचं नाही. हा नियम सगळ्यांना जड जातो, तरीही तो पाळाच, कारण वाजवणाऱ्याला आपल्या प्रत्येक सुराची मेहनत आठवत असते आणि निवडणाऱ्याला ती आठवत नसते, म्हणूनच तो चांगलं निवडतो.

यात दोन गोष्टी नेहमी बिघडतात. एक, वाद्यबंदी अर्धवट पाळली जाते: ‘फक्त एक गिटार, खालून’. ती गिटार दुसऱ्या दिवशी गाण्याचा कणा होऊन बसते. बंदी घालायची तर दोन आठवडे पूर्ण घाला आणि गिटारी खोलीबाहेर ठेवा. दुसरी, कोपनहेगनची पन्नास रिळं. तुकडे साठतात, गाणं होत नाही. त्यासाठी दर सातव्या दिवशी नवीन काही वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. तीस तुकड्यांतून चार उरले पाहिजेत. बाकीचे पुसू नका, पण डोळ्यांआड ठेवा.

दहा मात्रांचा सिंथ

‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ हे अल्बमचं पहिलं गाणं यॉर्कने पियानोवर लिहिलं होतं. ते पियानोवरून प्रॉफेट-५ या सिंथवर आणलं गेलं आणि तिथून अल्बमची दिशा पक्की झाली. प्रॉफेट-५ एका वेळी पाचच स्वर वाजवतो. ही मर्यादा घरच्या सिंथमध्येही घाला: पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजणारे स्वर, ५ करा. सहावा स्वर दाबला की आधीचा एखादा तुटतो, त्यामुळे कॉर्ड एकमेकांत चिकटून चिखल होत नाही.

आवाज असा बांधा. दोन ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारे भाग), दोन्ही सॉटूथ या करवती आकाराच्या लहरीचे, दुसरा ६ सेंट वर (अर्ध्या सुराचे १०० सेंट). लो-पास फिल्टर २४ डीबीचा, कटऑफ ७०० ते ९०० हर्ट्झ, रेझोनन्स दहा टक्क्यांच्या आत. अटॅक १० मिलिसेकंद, डिके दीड सेकंद, सस्टेन साठ टक्के, रिलीज ३०० मिलिसेकंद. व्हेलोसिटी बंद ठेवा. जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज सारखाच यायला हवा. त्या गाण्याची थंड, झाकलेली धार तिथून येते. बाहेर पडणारा आवाज थेट न घेता एखाद्या छोट्या स्पीकरवर वाजवा, अर्ध्या मीटरवर माइक ठेवा आणि थेट आवाजाखाली हलकासा मिसळा. खोलीची हवा आली की सिंथ पडद्यावरून उतरून समोर बसल्यासारखा वाटतो.

कॉर्ड आपल्या सुरांत सांगायच्या तर गाणाऱ्यांना लगेच कळतील. सी हा षड्ज धरा. पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसरी कोमल रे-म-कोमल ध. तिसरी कोमल ग-प-कोमल नि. तिन्ही कॉर्डच्या डोक्यावर तार षड्ज तसाच दाबून ठेवा. खालचा पाया सरकतो, वरचा सा हलत नाही, आणि शुद्ध ग व कोमल ग शेजारी येतात म्हणून ऐकणाऱ्याला सुख आहे की भीती हे ठरवता येत नाही. स्वतःचं गाणं करताना याच कॉर्ड उचलू नका. एक स्वर वर खिळवायचा आणि त्याखालच्या कॉर्ड अर्ध्या-एका सुराने सरकवायच्या, एवढी क्लृप्ती घ्या.

ताल दहा मात्रांचा आहे, पण झपतालाचे २-३-२-३ खंड मनात आणू नका. खाली किक प्रत्येक मात्रेवर सरळ पडतो, वर कॉर्डची चाल दहा मात्रांनी परत येते. रीपरमध्ये टाइम सिग्नेचर १०/४ आणि लय १२४ ठेवा. मेट्रोनोम ४/४ वर राहिला तर त्याची ‘सम’ दर वेळी वेगळ्या जागी येते आणि वादक नकळत दोन मात्रा खाऊन आठवर परततो. मेट्रोनोमचा जोर पूर्ण बंद करून सगळे ठोके सारखे ठेवले तर हा घोळ होत नाही. डिले (प्रतिध्वनी) लावायचा असेल तर १२४ ला एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची येते.

गळा विखुरण्यासाठी एक ओळ साधी, सपाट म्हणून घ्या. त्यातली अक्षरं ८० ते २०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर प्रत्येक सांध्यावर टिकटिक येईल. एक तृतीयांश तुकडे उलटे करा, काही डावीकडे, काही उजवीकडे टाका आणि मूळ ओळ सुरू व्हायच्या आधीच त्यांना वाजू द्या. मूळ ओळ मधोमध, कोरडी. सगळेच तुकडे नाचवले तर कानाला धरायला काही राहत नाही.

बोलणारा एक, सूर दुसऱ्याचा

अल्बमचं नावगाणं घ्या. यॉर्कने शब्द बोलले, बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडने ऑन्ड मार्तनो या जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर चाल वाजवली आणि व्होकोडरने, म्हणजे बोलण्याचा आकार दुसऱ्या आवाजाला देणाऱ्या यंत्राने, दोन्ही जोडले. शब्द एकाचे, सूर दुसऱ्याचे. कामाच्या वाटणीचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

मॉरिस मार्तनो या फ्रेंच संगीतकार-अभियंत्याने हे वाद्य १९२८ मध्ये लोकांसमोर आणलं. उजव्या हाताच्या बोटात अंगठी असते, ती तारेला जोडलेली. अंगठी सरकवली की स्वर सलग सरकतो. डाव्या हाताखाली एक कळ असते, ती जितकी दाबाल तितका आवाज मोठा. ती सोडली की वाद्य मुकं. म्हणजे स्वर धरणं आणि स्वर ऐकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि म्हणून त्याची मींड गळ्यासारखी वाटते.

घरी ते असं जमवा. मोनो सिंथ, ट्रायँगल वेव्ह, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा वेळ) ८० ते १५० मिलिसेकंद, लेगाटो चालू. आवाजाची पातळी एक्स्प्रेशन पेडलला जोडा आणि पेडल वर असताना पूर्ण शांतता येईल असं बघा. आता आधी किल्ली दाबायची, मग पेडलने सूर आत आणायचा, आणि पुढच्या किल्लीवर सरकण्याआधी पेडल थोडं सोडायचं. हे सोडणं विसरलं की सगळं सायरनसारखं वाजतं. कंप एलएफओने (सिंथमधल्या आपोआप हलवणाऱ्या लहरीने) देऊ नका. पिच व्हीलवर बोटाने द्या, सेकंदाला पाच-सहा वेळा, आणि लांब स्वराच्या दुसऱ्या अर्ध्यातच.

मार्तनोच्या एका स्पीकरवर तारा ताणलेल्या असतात. सतारीच्या तरफा जशा आपोआप गुंजतात तसं त्यांचं काम. तंबोरा किंवा अकूस्टिक गिटार गाण्याच्या सुरांत लावा, छोटा ब्लूटूथ नसलेला स्पीकर तिच्या पाठीला टेकवून त्यातून सिंथ वाजवा आणि माइक तारांपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. ब्लूटूथ इथे चालत नाही, कारण त्याला लागणारा उशीर मूळ आवाजाशी जुळत नाही. तारा सुरात नसतील तर काहीच गुंजणार नाही, त्यामुळे लावण्यात कंजुषी नको.

व्होकोडरसाठी रीपरसोबत येणारा रीव्होकोड पुरेसा आहे. बोलणं एका चॅनल-जोडीवर, सिंथ दुसऱ्यावर द्या. उलटं जोडलं तर सिंथचा आकार गळ्याला मिळतो आणि नुसता घरघराट ऐकू येतो, तेव्हा जोडणी फिरवा. बँड १६ ते २०. बोलताना गाऊ नका, आवाज एका पट्टीत ठेवा आणि व्यंजनं स्पष्ट उच्चारा.

शब्द कळत नाहीत ही सर्वांत मोठी तक्रार असते आणि कारण बहुधा सिंथमध्ये असतं. व्होकोडर काहीच निर्माण करत नाही. सिंथच्या आवाजात जे आहे त्यातलंच कमी-जास्त करतो. साइनमध्ये वरचे स्वरांश नसतात आणि ट्रायँगलमध्ये फार क्षीण असतात, मग ‘स’ आणि ‘श’ला तो कुठून जागा देणार? व्होकोडरला जाणारा सिंथ सॉटूथ ठेवा, त्यात थोडा नॉइज मिसळा आणि चाल १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात राहू द्या. तरीही ‘च’, ‘छ’, ‘ठ’ हरवत असतील तर मूळ बोलण्यातून ५ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं काढून उरलेला सळसळाट १८ डीबी खाली मिसळा. आणि बोलणं रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. पंख्याची घरघर व्होकोडरला बोलणंच वाटते, मग दोन शब्दांमधली शांतताही गाऊ लागते.

बास आणि पितळी वाद्यं

‘द नॅशनल अँथम’मधला बास यॉर्कनेच वाजवला आहे, ती रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) त्याला शाळकरी वयात सुचलेली. बासवादक बँडात असताना गायकाने बास घेणं, ही अदलाबदल तुमच्याकडेही करून बघा. न येणारा माणूस कमी स्वर वाजवतो आणि तीच रिफ चार मिनिटं न कंटाळता धरून ठेवतो.

फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावताना बासचे दोन भाग करा. २०० हर्ट्झच्या खालचा स्वच्छ ठेवा, वरच्याला फझ. पूर्ण बासवर फझ लावला की खालचा गाभा सपाट होतो आणि किकला धक्का उरत नाही. दोन्ही भागांची फेज (लहरी एकमेकींना खोडत नाहीत ना) तपासा: एकाची पोलॅरिटी उलटी करून बास आणखी भरीव झाला तर ती उलटीच ठेवा.

वर आठ वादकांचा पितळी ताफा मुक्तपणे वाजतो. यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुडने उड्या मारून त्यांना दिशा दिली आणि त्या नादात यॉर्कचा पाय मोडला. महाराष्ट्रात ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणारे ब्रास बँडचे कलाकार बहुतेक शहरांत आहेत आणि त्यांच्या फुंकरीत दम असतो. त्यांना कागद देऊ नका, तीन खुणा द्या: तळहात खाली म्हणजे एकच लांब स्वर, बोटं नाचवली म्हणजे हवं ते जलद, मूठ म्हणजे लगेच थांबा. मूळ स्वर मात्र आधी सांगा आणि बरोबर सांगा. तुमचा डी हा बी-फ्लॅट ट्रंपेटवाल्यासाठी ई असतो आणि ई-फ्लॅट आल्टो सॅक्सवाल्यासाठी बी. हे न सांगितल्याने पहिला तास वाया जातो. वाद्यं गरम व्हायला दहा मिनिटं द्या, थंड पितळ खाली बोलतं. माइक दीड ते दोन मीटर लांब, पातळी उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही अशी. तीन टेक घ्या, थांबा. दमलेले ओठ चौथ्यात गोंगाट करतात, आणि ठरवून केलेला गोंधळ व थकव्याचा गोंगाट यांतला फरक ऐकू येतो.

गिटार ताणणं

‘ट्रीफिंगर्स’ ऐकताना गिटार आठवत नाही, पण मूळ सामग्री ओब्रायनची गिटार आहे. यॉर्कने ती संगणकात विरघळवली. आज ऑडॅसिटीतला पॉलस्ट्रेच हे काम मिनिटांत करतो. गिटारवर तीस सेकंद लांब, शांत स्वर वाजवा, प्रत्येक स्वर व्हॉल्यूमच्या नॉबने आत आणा. तारेवर आघात ऐकू आला तर ताणल्यावर तिथे करकरीत ढग तयार होतो. स्ट्रेच फॅक्टर १०, टाइम रिझोल्यूशन ०.२५ सेकंद. तीस सेकंदांची पाच मिनिटं होतात. १२० हर्ट्झच्या खालचं कापा. पाचातली सलग दीड-दोन मिनिटंच ठेवा, आणि ती निवडायला गिटारवादकाला बसवू नका.

पन्नास मिनिटांतले चाळीस सेकंद

‘इडिओटेक’चा उगम असा: जॉनी ग्रीनवुडने मॉड्युलर सिंथवर सुमारे ५० मिनिटं सलग वाजवून डॅट या डिजिटल टेपवर यॉर्कला दिली. त्यातला जेमतेम चाळीस सेकंदांचा भाग यॉर्कने उचलला आणि त्यावर गाणं बांधलं. त्या भागात अमेरिकी संगीतकार पॉल लान्स्कीच्या ‘मिल्ड उंड लाइझ’ या १९७३ च्या रचनेतल्या चार कॉर्ड होत्या. प्रिन्स्टन विद्यापीठात आयबीएमच्या मोठ्या संगणकावर, जर्मन संगीतकार वॅग्नरच्या प्रसिद्ध ‘ट्रिस्टन कॉर्ड’च्या आधाराने केलेली ती रचना. आर्थर क्रीगरच्या ‘शॉर्ट पीस’चाही अंश त्यात आहे. लान्स्कीची रीतसर परवानगी घेऊन अल्बमवर त्याची नोंद केली गेली.

व्हीसीव्ही रॅकमध्ये घड्याळ १३८ बीपीएमवर लावा. किकसाठी साइन वेव्ह, तिचा सूर १५० हर्ट्झवरून ६० मिलिसेकंदांत ५० वर उतरवा. स्नेअरसाठी नॉइज, १.८ किलोहर्ट्झच्या आसपास बँड-पास, डिके १२० मिलिसेकंद. हॅटसाठी तोच नॉइज, ७ किलोहर्ट्झच्या वरचा, ४० मिलिसेकंद. प्रत्येकाला स्वतंत्र सीक्वेन्सर (ठोके क्रमाने वाजवणारा भाग) द्या आणि एकाची लांबी १६ ऐवजी १५ करा, म्हणजे तो दर फेरीत एक घर सरकत राहील. मग रेकॉर्डिंग सुरू करून ५० मिनिटं थांबू नका. नॉब हळू फिरवा. एखादी गोष्ट बदलली की निदान मिनिटभर तिला हात लावू नका, नाहीतर कापणाऱ्याला सलग तुकडाच मिळत नाही. लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) लावून ठेवा, कारण मॉड्युलरमध्ये रेझोनन्स कधी किंकाळी फोडेल सांगता येत नाही, आणि हेडफोन घातलेले असतात.

ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी, एकट्याने, एका बैठकीत ऐकायचं. आवडलं तिथे फक्त मार्कर टाकायचा. पहिल्या फेरीत कापायचं नाही, कारण सातव्या मिनिटाचं चांगलं चाळिसाव्यापुढे बहुधा फिकं पडतं. शेवटी एकच तुकडा, मिनिटाच्या आतला. त्यावर गाणारा माणूस कापणाराच असावा. त्याने तो भाग गाण्यासाठी निवडलेला असतो.

दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरायचा असेल तर परवानगी दोन ठिकाणची लागते: रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, रचनेला संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘चार-पाच सेकंद चालतात’ असा कुठलाही नियम नाही. जुन्या रेकॉर्डवरचं नाट्यगीत ध्वनिमुद्रण म्हणून मोकळं झालं असलं तरी त्याची चाल मोकळी असेलच असं नाही. दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

शब्द

यॉर्कने ओळी कागदावर लिहून, कापून, टोपीतून काढून गाण्यांचे शब्द जुळवले. ट्रिस्टान झारा या दादावादी कवीने सांगितलेली ही रीत. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही. एकेक शब्दाची चिठ्ठी केली तर विभक्त्या आणि लिंगं एकमेकांशी भांडतात: ‘दाराला’ आणि ‘गेलेली’ शेजारी आले की नुसता व्याकरणाचा घोटाळा. म्हणून चिठ्ठीवर तीन ते पाच शब्दांचा पूर्ण खंड लिहा, आणि निम्म्या चिठ्ठ्यांत क्रियापद ठेवू नका. चाळीस चिठ्ठ्या करा, बारा काढा, आठ गा. काढलेला क्रम बदलायचा नाही. हवं तर ओळ गाळा. रोजच्या बोलण्यातले खंड यात काव्यात्म ओळींपेक्षा कितीतरी चांगले चालतात, कारण त्यांना आधीचा अर्थ कमी चिकटलेला असतो.

पायपेटी

अल्बम संपतो ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ने: पायाने भाता हलवून वाजवायचा ऑर्गन आणि त्यावर हार्प व डबल बासचे सॅम्पल. संगीत नाटकाला साथ करणारा ऑर्गन याच घराण्यातला, आणि जुन्या नाट्यसंस्थांकडे, पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे, चर्चमध्ये अशी पायपेटी अजून मिळते. मिळाली तर सॅम्पलच्या मागे लागू नका.

आधी ट्यूनर ॲपवर तिचा ए मोजा. जुन्या पेट्या ४४० ला लावलेल्या नसतात. वीस-तीस सेंटचा फरक सहज असतो. सूरपट्ट्या कानशीने घासून सूर बदलणं हे कारागिराचं काम आहे, तुम्ही त्यांना हात लावू नका. उलट रीपरमधले सगळे सिंथ तेवढे सेंट वर-खाली करा. पेटीला पेटीच्या सुरात राहू द्या आणि बाकीच्यांनी तिच्याकडे यावं. एक माइक पट्ट्यांच्या मागे ३० सेंटिमीटरवर, दुसरा दीड मीटर लांब. भात्याचा श्वास आणि पायट्याची खटखट येऊ द्या. फिल्टरने ती काढली तर पायपेटीत आणि कीबोर्डच्या ‘ऑर्गन’ बटणात फरक उरत नाही. भाता गळत असेल तर सूर लांब धरताना खाली उतरतो, तेव्हा लांब स्वर आधी वाजवून बघा आणि गाण्याची लय त्या श्वासाला जुळवून घ्या.

क्रम आणि उरलेलं

‘किड ए’ची दहा गाणी आणि साधारण पन्नास मिनिटं. त्यात प्रत्येकजण प्रत्येक गाण्यात नाही, आणि हेच बँडला सर्वांत जास्त लागतं. मिक्सिंग सुरू करण्याआधी एक तक्ता करा: आडवी गाणी, उभी माणसं. प्रत्येक माणूस निदान दोन गाण्यांत पूर्ण गैरहजर असला पाहिजे. ज्याला हे पटत नाही त्याच्याकडे त्या गाण्यांची कापाकापी द्या, कारण त्याला तिथे स्वतःचं काही वाचवायचं नसतं.

क्रम लावताना सर्वांत अनोळखी गाणं पहिलं ठेवा. ओळखीच्या आवाजाचं गाणं पुढे ठेवून ऐकणाऱ्याला हळूहळू आत न्यायचा मोह होतो. मग तो तिसऱ्या गाण्याला जुना बँड शोधत बसतो. पहिल्या तीस सेकंदांत नियम कळला की पुढचं सगळं त्या नियमाने ऐकलं जातं. ‘किड ए’मध्ये सगळ्यात सरळ गिटारचं गाणं, ‘ऑप्टिमिस्टिक’, सहावं आहे, ‘ट्रीफिंगर्स’च्या लगेच नंतर.

त्याच सत्रांतली बरीच गाणी जून २००१ मध्ये ‘अम्नेझियॅक’वर आली. ‘मॉर्निंग बेल’ दोन्हीकडे आहे, ‘किड ए’वर ५/४ मध्ये, ‘अम्नेझियॅक’वर ४/४ मध्ये. म्हणून चार निवडलेल्या तुकड्यांसाठी जे सव्वीस बाजूला ठेवले होते, त्यांचे सगळे ट्रॅक सुटे, लय आणि मूळ स्वर लिहून, सिंथच्या सेटिंगसकट दोन डिस्कवर ठेवा. प्लगइन उद्या उघडेलच याचा भरवसा नसतो, तेव्हा प्रत्येक ट्रॅकची कोरडी आणि इफेक्टसहित अशा दोन्ही वेव्ह फाइल काढा, सगळ्या शून्य मिनिटापासून सुरू होणाऱ्या.